पानगळीतलं गरवणं: गळ, बंदूक आणि घरची माणसं

काठावरची

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आमचे अप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, त्यांनीच शिकवलं. उन्हाळा सरला, पहाटे पाण्यावर वाफ दिसायला लागली की ते मला उठवायचे आणि आम्ही दोघंच तळ्यावर जायचो. गेली सहा वर्षं त्यांचं जाणं बंद होतं. आधी गुडघे, मग मोतीबिंदू. यंदा दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि परवा खिडकीतून बाहेर बघत आपणहून म्हणाले, "पानं पिवळी पडायला लागली. गळ काढ बाहेर."

आता माझी नऊ वर्षांची लेकही येणार म्हणते. नवऱ्याच्या मित्राचं कुटुंबही तयार आहे. त्या मित्राकडे शिकारीचा परवाना आहे. त्याचं म्हणणं, एकाच फेरीत दोन्ही करू: पहाटे तो पलीकडच्या लव्हाळ्यांत बदकांसाठी बसेल आणि आम्ही अलीकडच्या काठावर गळ टाकू.

मला विचारायचंय ते असं. या दिवसांत मासा नक्की कुठे असतो, काठाशी की खोलात? म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असताना किती वेळ बसावं? आणि गळ नि बंदूक एकाच पाण्यावर, एकाच दिवशी, असं तुमच्यापैकी कुणी केलंय का?

बुडबुडा

वाचतोय. अप्पांचं "गळ काढ बाहेर" फार आवडलं.

खोलपाणी

ताई, पाणी तळ्याचं की नदीचं ते आधी सांगा. पानगळीत दोघांची गोष्ट अगदी वेगळी असते.

तळं असेल आणि खोल असेल तर पाण्याचा एक स्वभाव लक्षात ठेवा. पाणी सगळ्यात जड असतं ते साधारण ४ अंश सेल्सियसला, गोठताना नव्हे. उन्हाळाभर खोल तळ्यात वर कोमट आणि खाली गार असे थर पडून राहतात, ते मिसळत नाहीत. रात्री गार व्हायला लागल्या की वरचं पाणी थंड होतं, जड होतं आणि खाली बसतं. होता होता वरखाली सारखंच तापमान झालं की एखाद्या दिवसाचा जोराचा वारा अख्खं तळं ढवळून काढतो. महिनोन् महिने तळाशी प्राणवायूवाचून कोंडलेलं पाणी वर येतं. कुजकी पानं, गाळाचे पुंजके तरंगायला लागतात, कधी कधी नासक्या अंड्यासारखा वास येतो. त्या दिवसांत मासा विखुरलेला असतो. पट्टीचा गरवणाराही रिकाम्या हाताने परततो. वास आला, पाणी गढूळ दिसलं, तर सरळ आठवडाभर थांबा.

ढवळण संपली की मात्र सुगी! तळापर्यंत प्राणवायू पोचलेला असतो आणि गार पाण्यात तो मावतोही जास्त. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, १० अंशांना ११ च्या वर. मोठा मासा हिवाळ्याआधी खाऊन घ्यायच्या मागे असतो.

कुठे असतो म्हणाल, तर पाणवनस्पती बघा. जिथे ती पिवळी पडून कुजायला लागलीय तिथून छोटे मासे खोलाकडे सरकतात आणि मोठे त्यांच्या मागोमाग जातात. जिथे अजून हिरवी टिकलीय तो कोपरा आधी धरा. शक्यतो असा कोपरा निवडा, जिथे हिरव्या झुडुपाला लागूनच पाणी एकदम खोल होतं.

तुमच्या दृष्टीने सगळ्यात चांगली बातमी वेगळीच आहे. उन्हाळ्यात पहाट गाठावी लागते, पानगळीत तसं नसतं. उन्हाने काठाचं पाणी एखाद अंशाने तापलं तरी मासा अंग मोकळं करतो. दहा ते दोन बसा. म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही तीच वेळ सोसते.

रानवाट

मी गेली पंधरा वर्षं परवान्याने शिकार करतो, गळही टाकतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे. एकाच पाण्यावर दोन्ही करू नका.

कारण सांगतो. बंदुकीचे चार नियम आम्हाला पहिल्या दिवशी घोकून घेतात. बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. नळी माणसाकडे कधीच वळवायची नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट घोड्यावर ठेवायचं नाही. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय बार काढायचा नाही. आता तुमच्या बेतात हा चौथा नियम लावून बघा. बदकं पहाटे पाण्यालगत उडतात. पलीकडे बसलेल्या माणसाच्या लक्ष्याच्या मागे काय असणार? अलीकडचा काठ. म्हणजे तुमचे अप्पा आणि लेक. छऱ्यांची मारक कक्षा कमी असली तरी छरे २०० मीटरच्या पुढेही जाऊन पडतात, आणि तिरप्या कोनात पाण्यावर आपटले तर उसळी घेऊन भलतीकडे जातात.

दुसरं म्हणजे कपडे. हरणाच्या शिकारीला आम्ही भडक नारिंगी जाकीट घालतो. हरणाच्या डोळ्यात लाल-नारिंगी वेगळा ओळखणाऱ्या पेशी नसतात, त्याला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. बदकांना रंग उत्तम कळतात. त्यामुळे बदकांसाठी बसलेला माणूस मातकट कपड्यांत, लव्हाळ्यांत गुडुप झालेला असतो. म्हणजे तुमच्या लेकीला तो कुठे आहे तेच दिसणार नाही. पोरगी पानं गोळा करत काठाकाठाने कुठे पोचेल याचा भरवसा काय?

मित्राला सांगा, तुझा दिवस वेगळा, आमचा वेगळा. चांगला शिकारी असेल तर लगेच ऐकेल. आणि त्या भागात शिकारीचा हंगाम चालू असेल तर गरवायला जातानाही सगळ्यांना नारिंगी टोप्या घाला.

शब्दवेडी

विषयांतराबद्दल माफी, पण शीर्षक वाचून राहवलं नाही. "गरवणं" हा शब्द किती दिवसांनी वाचला! गरी म्हणजे गळ, त्यावरून गरवणं. "फिशिंगला चाललो" म्हणणाऱ्यांनी हा वापरून बघा, तोंडात छान बसतो.

आणखी एक गंमत. आपल्या ऋतुचक्रात पानगळ शिशिरात येते, थंडीच्या शेवटाला. थंड प्रदेशांत ती थंडीच्या आधीच होते, म्हणून तिकडच्या "ऑटम"ला आपण शरदही म्हणतो आणि पानगळही. प्रत्यक्षात शरद म्हणजे नितळ आकाश आणि निवळलेलं पाणी. गळ टाकणाऱ्याला दोन्ही अर्थ चालतील, नाही का?

खोलपाणी

शब्दवेडी, निवळलेल्या पाण्याचा अर्थ गरवणाऱ्याला जरा जपून घ्यावा लागतो. पाणी नितळ झालं की आपल्याला मासा दिसतो तसा माशालाही आपण दिसतो. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बारीक घ्यावा लागतो आणि सावली पाण्यावर पडणार नाही असं बसावं लागतं. पण शरदाचं वर्णन सुरेख केलंत.

दुर्बीण

मला शिकारच पटत नाही, हे आधी सांगते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेखातर शिकार करता येत नाही आणि मला तेच योग्य वाटतं. जिथे कायद्याने चालते तिथे परवाने आणि संख्येची मर्यादा असते हे मान्य. पण कुटुंबाच्या सहलीला, लहान मुलीसमोर, उडतं बदक पाडायचं कशाला?

शिवाय शिसं. पाणपक्षी अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, त्यांत चिखलात पडलेले छरेही गिळतात. पेषणीत ते दळले जातात, शिसं रक्तात उतरतं आणि पक्षी दिवसेंदिवस खंगत मरतो. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छरे देशभर बंद झाले. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छरे सरसकट बंद केले.

आणि गरवणाऱ्यांनी हसू नये. इंग्लंडमध्ये राजहंस मरायला लागले ते तंगुसाला लावायच्या शिशाच्या मण्यांनी. तिथे १९८७ पासून त्यांची विक्री बंद आहे. तुमच्या डब्यात जुने शिशाचे मणी असतील तर ताई, ते पाण्यात जाऊ देऊ नका.

रानवाट

दुर्बीण, शिशाबद्दल शंभर टक्के सहमत. मी पोलादी छरे वापरतो. लेकीसमोर नको, हेही मला मान्य आहे, मी वर तेच लिहिलंय. शिकार असावी की नसावी यावर आपलं एकमत होणार नाही. पण मी जे मारतो ते घरी आणून स्वतः साफ करतो, आणि मारलेलं प्रत्येक बदक मला आठवतं. यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

काठावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. खोलपाणी, तळंच आहे, मधोमध बारा मीटर खोल आहे म्हणतात. रानवाट, तुमचा प्रतिसाद नवऱ्याच्या मित्राला जसाच्या तसा वाचून दाखवला. तो दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "मी बंदूक आणत नाही, खुर्च्या आणतो."

दुर्बीण, अप्पांच्या डब्यात शिशाचे सत्तावीस मणी निघाले. वेगळे काढून ठेवलेत.

आता नवीनच प्रश्न उभा राहिलाय. लेकीने काल रात्री झोपताना विचारलं, "माशाला गळ दुखतो का?" मी म्हटलं, उद्या सांगते. काय सांगू?

दुर्बीण

खरं सांगा. २००३ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी ट्राउटच्या डोक्यावर आणि ओठांवर इजा जाणवणारे मज्जातंतू दाखवून दिले. ओठाला त्रास देणारं द्रव्य टोचल्यावर मासे खाणं सोडून ओठ खड्यांवर घासत होते. आपल्याला होते तशीच वेदना त्यांना होते का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. पण "काही वाटत नाही" असं मुलीला सांगू नका.

लव्हाळी

म्हणूनच आम्ही धरतो आणि लगेच सोडून देतो. कुणाचं नुकसान नाही.

निवांत नावाडी

लव्हाळी, इथे माझा विरोध आहे. खायचा नसेल तर गळाला लावायचाच कशाला? स्वित्झर्लंडमध्ये सोडून द्यायच्या इराद्याने मासा धरायलाच मनाई आहे आणि त्यामागचा विचार मला सरळ वाटतो. आमच्या घरी नियम आहे: जेवणापुरते दोन मासे मिळाले की गळ गुंडाळायचा. धरलेला मासा तडफडत ठेवायचा नाही, डोक्यावर डोळ्यांच्या जरा मागे एकच जोरदार घाव घालायचा. मुलांनाही ते दाखवायचं, लपवायचं नाही.

तंगूस

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. कितीतरी ठिकाणी ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा सोडलाच पाहिजे असा नियम असतो, तेव्हा सोडायचं नीट शिकावंच लागतं. मी काय करतो ते लिहितो.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ आला तसा मागे निघतो. मासा हातात घेण्याआधी हात पाण्यात बुडवायचे. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेच त्याचं रोगांपासूनचं कवच. कोरड्या हाताने, कापडाने किंवा वाळल्या गवतावर ठेवल्याने ते खरवडलं जातं. गळ शक्यतो मासा पाण्यात असतानाच काढायचा. फोटो काढायचा तर फोटो काढणारा तयार झाल्यावरच मासा वर उचलायचा. आपण श्वास रोखून धरायचा आणि आपल्याला श्वास घ्यावासा वाटायच्या आत त्याला पाण्यात न्यायचं. गळ खोल घशात गेला असेल तर ओढाओढ करायची नाही, तंगूस गळाजवळ कापायचा.

ताई, लेकीला सांगा, "बहुतेक दुखत असावं, म्हणून आपण घाई करायची आणि हात ओले ठेवायचे." मी माझ्या मुलाला हेच सांगितलं होतं. तो आता सतरा वर्षांचा आहे आणि अजून आधी हात बुडवतो.

पाणडुबी

एक अनुभव लिहिते, तो वाचूनच जा.

चार वर्षांपूर्वी आम्ही असेच सगळे मिळून गेलो होतो. लाकडी धक्क्यावर ओली पानं पडली होती. माझा धाकटा भाऊ, चांगला पोहणारा, मासा आला म्हणून घाईने वळला आणि पानावरून घसरून थेट पाण्यात. वर आला तेव्हा त्याच्या तोंडून आवाजच फुटेना, नुसता "हा, हा" असा धापांचा आवाज. मी काठावरून ओरडत होते, "पोह ना!" त्याला हात हलवता येत होते पण श्वास आवरत नव्हता. माझ्या नवऱ्याने आडवं पडून गळाची जाळी पुढे केली, ती त्याने धरली. जेमतेम तीन-चार मिनिटांचा खेळ. काठावर आल्यावर त्याची बोटं इतकी गारठली होती की जाकिटाची चेन मला उघडावी लागली.

नंतर वाचलं तेव्हा कळलं काय झालं ते. कॅनडाचे प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी गार पाण्यात स्वतः उतरून यावर काम केलंय. त्यांचं सूत्र १-१०-१ असं आहे. बर्फासारख्या पाण्यात पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. पोहता येणाऱ्यांचाही घात होतो तो पहिल्या मिनिटात, आणि त्या मिनिटात डोकं पाण्यावर ठेवतं ते तरंगजाकीट.

तेव्हापासून आमच्यात धक्क्यावरसुद्धा सगळे तरंगजाकीट घालतात, आणि बसायच्या आधी एक जण झाडू घेऊन पानं लोटतो. ताई, झाडू नक्की न्या.

बुडबुडा

पाणडुबी, वाचून अंगावर काटा आला. भाऊ बरा आहे ना?

पाणडुबी

एकदम ठणठणीत. झाडू आता तोच मारतो.

शब्दवेडी

पुन्हा थोडं आडवळण. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने "मानसोल्लास" लिहिला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये "मत्स्यविनोद" असा एक भाग आहे. कुठला मासा कुठे राहतो, काय खातो, कशाचं आमिष लावावं, गळाने कसा धरावा, हे सगळं त्यात आहे. म्हणजे "मासा नक्की कुठे असतो" हा काठावरची यांचा प्रश्न नऊशे वर्षं जुना आहे.

निवांत नावाडी

वा! हे माहीत नव्हतं.

अप्पांबद्दल दोन शब्द. माझ्या आईला मी ऐंशीव्या वर्षापर्यंत नेत होतो. पाठ असलेली खुर्ची न्या, पण खुर्चीच्या पायांखाली फळी ठेवा, नाहीतर ती ओल्या मातीत रुतते आणि एका बाजूला कलते. थंडी पायांतून चढते, म्हणून पायाखाली जाड चटई. तीन तास पुरेत. आणि निघायची वेळ त्यांनी ठरवावी, आपण नव्हे. आईला मी दरवेळी विचारायचो, "आणखी एकदा टाकतेस?" ती "नको" म्हणाली की लगेच आवरायचं. "बघ, आत्ता लागेल" असं म्हणून बसवून ठेवायचं नाही.

काठी मात्र त्यांच्या हातात द्या. नुसतं बघायला बसवू नका.

तंगूस

नावाडींच्या शेवटच्या ओळीला अनुमोदन. आणि म्हाताऱ्या बोटांना गाठ जमत नसेल तर पालोमार गाठ शिकवा. तंगूस दुमडून दुहेरी करायचा, तो दुहेरीच गळाच्या नेढ्यातून ओवायचा, साधी सैल गाठ मारायची, राहिलेल्या फासातून अख्खा गळ पलीकडे काढायचा, ओलं करायचं आणि ओढायचं. नेहमीच्या गाठीसारखे पाच-सहा वेढे घालावे लागत नाहीत. ओलं करायला विसरू नका. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तापून नायलॉन तिथेच कमजोर होतो, आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडतो.

एक राहिलं. विजेच्या तारांखाली गळ फेकू नका. कार्बनच्या काठीतून वीज वाहते.

काठावरची

तीन आठवड्यांनी लिहितेय. मध्ये तळ्याला तोच वास आला, खोलपाणी म्हणाले तसा. आठवडाभर थांबलो. परवा जाऊन आलो.

मित्राने खरोखरच सहा खुर्च्या आणल्या आणि फळ्याही. त्याने सगळ्यांच्या आधी धक्का झाडला. नारिंगी टोप्या घातलेले आम्ही नऊ जण, तरंगजाकिटांसकट. अकराला बसलो.

अप्पांनी गळ बांधायला घेतला. आता डोळ्यांना दिसतं, पण बोटं थरथरतात. पहिला वेढा, दुसरा, तिसरा, आणि सगळं सुटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सुटलं. मला त्यांच्या हातातून घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही. लेक शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, एक सोपी आहे." आधीचे चार दिवस ती बुटाच्या नाडीवर पालोमारच करत होती. तिने तंगूस दुमडला, त्यांनी नेढं उजेडाकडे धरलं, तिने ओवलं. फासातून गळ काढायच्या वेळी दोघांचे चारही हात एकत्र होते. अप्पा सवयीने गाठ ओली करायला ओठांकडे न्यायला लागले तशी ती ओरडली, "तोंडाजवळ गळ नको!" आणि वाकून ओंजळभर पाणी आणून गाठीवर ओतलं. निम्मं त्यांच्या बाहीत गेलं.

हिरव्या झुडुपाच्या कडेला टाकला. पाऊण तास काही नाही, पानंच येत होती. मग बूच दोनदा हललं आणि बाजूला सरकायला लागलं. अप्पांनी काठी तिच्या हातात न देता तिचा हात आपल्या हाताखाली काठीवर ठेवला. पर्च होता, वीतभर. अंगावर काळे पट्टे, खालचे पर लालभडक. पाठीचा काटेरी पर त्याने असा ताठ उभारला की लेक आधी मागे सरकली. मग तिने दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवले, नीट मोजल्यासारखे, आणि डोक्याकडून मागे हात फिरवत पर मिटवला. तंगूस, तुमचा निरोप पोचला.

तो मापात बसत नव्हता, सोडला. नंतरचे दोन मापात होते, ते घरी आणले. घाव मित्राने घातला, लेकीने पाहिलं. गाडीत ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "पुढच्या वेळी सोडलेला तोच येईल का?"

दोन वाजता मी अप्पांना विचारलं, "आणखी एकदा टाकता?" म्हणाले, "टाकतो." अडीचला पुन्हा विचारलं, तेव्हा "नको" म्हणाले. लगेच आवरलं.

खोलपाणी

वाचून डोळे भरले, ताई. पाण्याचं तापमान पाहिलंत का?

काठावरची

११ अंश. अप्पांनी हात घालून "दहा असेल" म्हटलं होतं.

आणि हो, काठी माळ्यावर टाकू देत नाहीत. दाराशी, छत्रीशेजारी उभी आहे.